एका खड्याची हौस



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दर वेळी मी कडबोळ्यांची नाही तर लोणच्याची कृती लिहून देते आणि सुटते. यंदा मात्र इतिहासावर लिहिते आहे असे सांगितले, तेव्हा अध्यक्षाबाई हसल्या व म्हणाल्या, "कोणत्या राजाचा?" मी म्हटले, "राजाचा नव्हे, एका खड्याचा." हा विषय मी का घेतला त्याला एक कारण घडले आहे. ते सांगायची मला लाज वाटते, म्हणून आधी इतिहास सांगते आणि ते कारण शेवटी सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेच्या भावाचे लग्न झाले. त्या लग्नाला तिची एक मावसबहीण ऑस्ट्रेलियातून आली होती. अंगावर दागिने फारसे नव्हते, पण उजव्या हातात एक अंगठी होती. खडा वालाच्या दाण्याएवढा. लांबून पाहावे तर दुधी रंगाचा, अगदी साधा. पण ती ताट वाढायला वाकली आणि त्या खड्यात हिरवा रंग चमकून गेला. हात वळला तसा मोरपंखी झाला, मग शेंदरी, मग पुन्हा हिरवा. मोराचे पीस उन्हात फिरवावे, किंवा कबुतराच्या मानेवरचा रंग पाहावा, तसेच काहीसे. पण त्याहून कितीतरी तेजस्वी. मी तिचा हात धरूनच ठेवला. ती म्हणाली, "वहिनी, हा ओपल. घालून बघा ना." मी पाच मिनिटे ती अंगठी माझ्या बोटात घातली. नंतर परत दिली, पण मन काही परत आले नाही.

आपल्याकडे नवरत्ने म्हणजे हिरा, माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, नीलम, गोमेद आणि लसण्या. यात ओपल नाही. हल्ली शुक्राचा खडा म्हणून हिऱ्याऐवजी ओपल घालायला सांगतात, पण आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटीत हा खडा सहसा नव्हता. मौज अशी की त्याचे नाव मात्र आपल्याकडचेच असावे. संस्कृतात दगडाला 'उपल' म्हणतात. त्यावरून ग्रीक आणि मग लॅटिन भाषेत शब्द गेला आणि त्याचा ओपल झाला, असे पुष्कळ विद्वान मानतात. घरातला मुलगा परदेशी जाऊन नाव बदलून परत यावा, तसे हे झाले.

माझी थोरली मुलगी कॉलेजात शिकते. माझे वेड पाहून तिने इंग्रजी पुस्तके वाचून मला एकेक गोष्ट मराठीत सांगायला सुरुवात केली. रात्री भांडी आवरली की आमचा तासभर हाच उद्योग. तिने सांगितलेले आणि मी वहीत उतरलेले पुढे देत आहे.

सर्वांत जुनी गोष्ट रोमची आहे. प्लिनी नावाचा एक रोमन गृहस्थ होता. त्याने जगातल्या साऱ्या वस्तूंविषयी एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याचे ३७ भाग आहेत आणि शेवटचा भाग रत्नांचा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, तेव्हा हाच प्लिनी तिथे जवळ जाऊन मरण पावला. त्याने ओपलचे फार कौतुक केले आहे, कारण इतर रत्नांचे वेगवेगळे रंग या एकाच खड्यात नांदतात. ओपल हिंदुस्थानातून येतात असे तो समजत होता. आजचे बरेच जाणकार मात्र म्हणतात की रोमन लोकांचे ओपल युरोपातल्याच डोंगरांतले असावेत. तो प्रदेश पूर्वी हंगेरीच्या राज्यात होता, आज स्लोव्हाकियात आहे. तिथल्या डुबनिकच्या खाणी पुढे शेकडो वर्षे चालल्या.

या प्लिनीने नॉनियस नावाच्या एका माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. ती ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही.

ज्यूलियस सीझरचा खून झाल्यावर रोममध्ये सत्तेसाठी झगडे सुरू झाले. इसवी सनापूर्वी ४३ या वर्षी मार्क अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस अशा तिघांनी मिळून राज्य हाती घेतले. त्यांनी आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या करून भर चौकात लावल्या. ज्याचे नाव यादीत, त्याचे घरदार जप्त. त्याला कोणीही मारावे आणि मारणाऱ्याने बक्षीस घ्यावे, असा हुकूम. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याच याद्यांत सापडून त्याच साली मारला गेला. राजकारणाचे वैर असलेली माणसे त्यांत होतीच, पण ज्यांची मालमत्ता डोळ्यांत भरली होती अशीही होती.

नॉनियस हा रोमच्या वरिष्ठ सभेचा सभासद होता. त्याच्याजवळ ओपलची एक अंगठी होती. तिची किंमत प्लिनी २० लाख सेस्टर्स सांगतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. त्या काळी रोमच्या साध्या शिपायाला वर्षाला ९०० सेस्टर्स पगार मिळे. म्हणजे त्या एका खड्यात दोन हजारांहून अधिक शिपायांचा वर्षाचा पगार निघाला असता. अँटनीला तो खडा हवा होता. खड्यासाठी त्याने नॉनियसचे नाव यादीत घातले.

आता नॉनियसने काय करावे? अंगठी अँटनीकडे पाठवली असती तर कदाचित जीव वाचला असता. पण नॉनियस पळाला. वाडा, जमीन, पैसा, सारे मागे टाकले. एवढ्या सगळ्या संपत्तीतून बरोबर घेतली ती एकच वस्तू, ती अंगठी. ज्या वस्तूमुळे जिवावर बेतले तीच छातीशी धरून तो रानोमाळ झाला.

प्लिनीने अँटनीच्या क्रूरपणाला नावे ठेवली आहेत, आणि नॉनियसच्या हट्टाचेही त्याला तितकेच नवल वाटले आहे. त्या काळी लोकांची एक समजूत होती की ज्या अवयवासाठी शिकारी मागे लागतो, तो अवयव काही जनावरे स्वतःच दातांनी तोडून टाकतात आणि जीव वाचवतात. समजूत खोटी आहे, पण प्लिनी तिचाच दाखला देतो. जनावराला जे कळते ते या माणसाला कळले नाही, असा त्याचा रोख. ती अंगठी शंभर-एक वर्षांनी, प्लिनीच्या काळातही शिल्लक होती. खडा राहिला आणि मालकाची एवढीच कथा उरली.

आपण गणेशचतुर्थीला स्यमंतक मण्याची कथा वाचतो. प्रसेनाने तो मणी गळ्यात घातला, रानात सिंहाने त्याला मारले, आणि श्रीकृष्णावर नाहक चोरीचा आळ आला. पण स्यमंतक निदान रोज आठ भार सोने तरी देत होता. नॉनियसचा खडा काहीच देत नव्हता, फक्त चमकत होता. तरी माणसाने त्यासाठी घर सोडले. मुलगी म्हणाली, "आई, वेडाच होता ना तो?" मी हो म्हटले. पण मनात म्हटले, ती पाच मिनिटांची अंगठी परत देताना माझीही मूठ क्षणभर मिटली होती.

पुढची गोष्ट इंग्लंडची. १८५१ साली लंडनला एक प्रचंड प्रदर्शन भरले. ईस्ट इंडिया कंपनीने तिथे हिंदुस्थानातले दागिने मांडले होते, आणि त्यांतले काही राणी व्हिक्टोरियाला भेट दिले. ते पाहून राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी राणीसाठी स्वतः एका मुकुटाचा नमुना काढला. त्यात आपल्याकडच्यासारखी कमळे आणि मोगली कमानी होत्या आणि हिऱ्यांबरोबर ओपल जडवले होते. १८५३ साली तो तयार झाला. अल्बर्टना ओपल फार आवडत. १८६१ साली ते वारले. राणीने पुढे ४० वर्षे वैधव्यात काढली आणि १९०१ साली तीही गेली. दुसऱ्याच वर्षी तिच्या सुनेने, राणी अलेक्झांड्राने, त्या मुकुटातले ओपल काढून माणके बसवली. तिच्या मते ओपल अपशकुनी! सासूचा दागिना सुनेने मोडून नवा घडवायचा, हे आपल्याच घरी चालते असे मला वाटत होते. राजवाड्यातही तेच.

ही अपशकुनाची कल्पना कुठून आली? १८२९ साली सर वॉल्टर स्कॉट या नामांकित लेखकाची 'ॲन ऑफ गायरस्टाइन' नावाची कादंबरी निघाली. तिच्यात एक सुंदर बाई केसांत ओपल घालते. त्यावर तीर्थाचे थेंब पडताच त्याचे तेज जाते आणि पुढे तिचाही अंत होतो. गोष्ट कल्पनेतली, पण वाचणाऱ्यांनी ती मनावर घेतली, आणि त्यानंतर युरोपात ओपलचा धंदा पार बसला असे सांगतात. राणी व्हिक्टोरियाने मात्र अशा बोलण्याकडे लक्ष न देता ओपल वापरले आणि आपल्या मुलींनाही दिले. एकच खडा, एकीने नवऱ्याची आठवण म्हणून जपला आणि दुसरीने धसका घेऊन काढून टाकला. खड्याने दोघींचेही काही वाईट केले नव्हते.

आता हा खडा येतो कुठून ते पाहू. मागच्या शतकभरात जगातले बहुतेक चांगले ओपल ऑस्ट्रेलियातून आले. १८८९ साली वोलास्टन नावाचा व्यापारी तिथले ओपल घेऊन लंडनला गेला. तेथील जवाहिऱ्यांना आधी विश्वासच बसेना, कारण हंगेरीच्या खड्यांपेक्षा हे कितीतरी भडक होते. १९०० नंतर लायटनिंग रिज येथे काळे ओपल निघू लागले. काळ्या पाटीवर रंगीत खडूने काढावे तसे त्यांतले रंग उठून दिसतात, म्हणून त्यांची किंमत सर्वांत जास्त.

कूबर पेडी या गावाची गोष्ट मला फार आवडली. १९१५ सालच्या फेब्रुवारीची पहिली तारीख. विली हचिसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर सोने शोधणाऱ्या टोळीत आला होता. सोने मिळेना. पाण्याचा शोध घेता घेता त्या मुलाला जमिनीवर ओपलचे तुकडे सापडले, आणि तिथे गाव वसले. उन्हाळा इतका कडक की लोकांनी जमिनीच्या पोटात खोदून घरे केली. आत गारवा असतो. आजही तिथे पुष्कळजण तशाच घरांत राहतात. गावाबाहेर खाणीची इतकी उघडी भोके आहेत की 'पळू नका, मागे मागे चालू नका' अशा पाट्या लावल्या आहेत.

भगिनींनो, या खाणींत पुरुषच होते असे समजू नका. मिनी बेरिंग्टन नावाची बाई इंग्लंडहून आपल्या भावाबरोबर आली आणि १९२० नंतरच्या काळात कूबर पेडीला पुरुषांच्या बरोबरीने कुदळ चालवू लागली. आपले अनुभव तिने पुस्तकात लिहिले, ते १९५८ साली प्रसिद्ध झाले. पुढे मंदी आणि युद्ध यांमुळे गाव ओस पडत चालले होते. तेव्हा १९४६ साली टॉटी ब्रायंट नावाच्या तिथल्या आदिवासी बाईला 'एट माइल' नावाच्या जागी मोठा ओपल सापडला आणि पुन्हा लोकांची रीघ लागली. दहा वर्षांनी, १९५६ साली, त्याच एट माइलला एक अवाढव्य ओपल निघाला. त्याचे वजन सुमारे १७,००० कॅरट, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो. (पाच कॅरटचा एक ग्रॅम होतो.) त्या वर्षी मेलबर्नला ऑलिंपिकचे खेळ होते, म्हणून त्याचे नाव 'ऑलिंपिक ऑस्ट्रेलिस' ठेवले. १९५४ साली राणी एलिझाबेथ ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. तेव्हा अँडामूका येथला २०३ कॅरटचा ओपल हारात बसवून तो त्यांना भेट देण्यात आला.

अशा गोष्टी ऐकून वाटते की तिथे गेले की ओंजळ भरलीच. पण तसे नाही. जमिनीतून निघणारा ओपल बहुतेक सारा बिनरंगाचा असतो. त्याला खाणवाले 'पॉच' म्हणतात आणि टाकून देतात. माणसे वर्षानुवर्षे खणतात आणि पॉचचे ढीग रचतात. २००८ सालापासून इथिओपिया देशातल्या वोलो भागातही ओपल निघू लागले. तिथे उभ्या कड्याला हातांनी भुयारे पाडून खडे काढतात. कडा ढासळला की माणसे गाडली जातात. तो माल मोठ्या प्रमाणावर आपल्या जयपूरला येतो आणि जयपूरचे कारागीर त्याला पैलू देतात, गोलाई देतात. म्हणून हल्ली आपल्या बाजारातही खरे ओपल दिसतात.

आणि त्या रंगांचे रहस्य काय? पुष्कळ वर्षे ते कोणाला उलगडले नव्हते. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ओपल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आत त्यांना नुसत्या गोळ्या दिसल्या, एकसारख्या आणि रांगेने रचलेल्या. फळवाला संत्री रचतो ना, एका थरावर दुसरा थर, तशा. वाळूत असतो तोच सिलिका नावाचा पदार्थ पाण्यात विरघळून खडकांच्या भेगांत साचतो आणि फार फार हळू आटतो, तेव्हा या गोळ्या बनतात. एकेक गोळी मिलिमीटरच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढी. त्यांच्या फटींतून उजेड शिरला की त्यातले रंग फाकतात. गोळ्या लहान तर निळा, मोठ्या तर तांबडाही. रचना विस्कटलेली असली की पॉच. खड्याच्या आत रंग मुळीच नाही. आहे ती वाळू आणि थोडे पाणी, शंभर भागांत साधारण तीन ते दहा भाग. हे ऐकल्यावर मी मुलीला म्हटले, "म्हणजे नॉनियस वाळू आणि पाणी घेऊन पळाला?" ती म्हणाली, "हो, पण फार चांगली रचलेली."

असो. आता ते कारण सांगते.

त्या लग्नानंतर त्याच वर्षी माझा भिशीचा नंबर लागला. बारा हजार रुपये हातात आले. त्यातून मागच्या पडवीचे पत्रे बदलायचे, असे घरी ठरले होते. पावसाळ्यात तिथे तीन बादल्या आणि एक पातेले मांडावे लागे. पण दिवाळीच्या आधी गावात दागिन्यांचे एक प्रदर्शन-विक्री आले. तिथे एका विक्रेत्याकडे चांदीत मढवलेली ओपलची अंगठी दिसली. किंमत ९,५०० रुपये. त्याने एक छापील कागदही दाखवला. मी ह्यांना विचारले. हे म्हणाले, "तुझे पैसे, तुझी हौस." एवढेच. मी अंगठी घेतली आणि पत्रे पुढच्या वर्षावर ढकलले.

प्लिनीच्या ग्रंथातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. तो लिहितो की ओपलची काचेत जितकी हुबेहूब नक्कल होते तितकी दुसऱ्या खड्याची होत नाही. ओळखायची खूणही त्याने दिली आहे. खडा बोट आणि अंगठा यांत धरून उन्हासमोर करावा. खोटा असेल तर आतून एकच रंग दिसेल, तसाच्या तसा राहील. खरा असेल तर चमक क्षणोक्षणी बदलत राहील. मार्गशीर्षात एके दिवशी मुलीने हे वाचून दाखवले. आम्ही दोघी गच्चीवर होतो. मी हसत हसत अंगठी काढली आणि उन्हात धरली. खडा नारिंगी दिसला. फिरवला, तरी नारिंगी. उलटा केला, तरी नारिंगीच. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या सराफांकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, "बाई, काच आहे. चांदी तेवढी खरी."

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये बसून एका माणसाने मला सावध केले होते, आणि मी नंतर वाचले. पण माझी चूक एवढीच असती तर मी हा लेख लिहिला नसता.

संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू झाले. मी ती अंगठी घालून आले. काच आहे हे माहीत असून आले. दिवाळीत तुम्ही सगळ्यांनी तिचे कौतुक केले होते. आता हात मोकळा दिसला तर विचारतील, आणि विचारले तर सांगावे लागेल, या भीतीने आले. पुन्हा कौतुक झाले. आपल्यातल्या एका मैत्रिणीने कुठून घेतली असे विचारले, आणि मी सांगितले. चैत्रात ते प्रदर्शन परत आले. तिने मुलीच्या रुखवतासाठी तसलीच अंगठी ७,००० रुपयांना घेतली आणि पहिली मला दाखवायला आणली. मी "छान आहे" म्हटले.

त्या पावसाळ्यात पडवीत टपटप वाजायला लागले की मला झोप लागेना. नॉनियसला मी वेडा म्हटले होते. त्याचा खडा निदान खरा तरी होता. मी काच घालून बसले होते आणि ती चार बायकांसमोर बोटातून काढवत नव्हती. माझ्या त्या गप्प बसण्याचे ७,००० रुपये दुसरीने भरले होते.

आषाढी एकादशीच्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि सारे सांगितले. ती काही बोलली नाही. दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "चला सराफांकडे." तिचीही काचच निघाली. त्या विक्रेत्याला आम्ही पत्र पाठवले, त्याचे उत्तर नाही. मी माझ्या पुढच्या भिशीतून तिचे सगळे पैसे द्यायला निघाले. ती म्हणाली, "निम्मे घेते. मीही न तपासता घेतली, ती निम्मी चूक माझी." तिला विचारूनच हे लिहिले आहे. "लिही, पण माझे नाव घालू नकोस," असे ती म्हणाली. तिची सोय जाऊ नये म्हणून एकच विनंती, ती कोण हे ओळखायचा प्रयत्न करू नका. माझे नाव खाली आहेच.

माझ्याकडून एवढे तरी घ्या. ओपल घ्यायचा झाला तर उन्हात फिरवून पाहा. पण एवढ्यावर थांबू नका. १९७४ सालापासून कारखान्यात बनवलेले ओपलही बाजारात आले आहेत, आणि त्यांतही रंग खेळतात. म्हणून रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला मागा. दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्या-चांदीचा असतो, खड्याचा नव्हे. खडा बाजूने निरखा. पातळ चकती काळ्या तळाला चिकटवलेली असेल तर जोडाची रेघ दिसते. पावतीवर खड्याचे नाव आणि वजन लिहून घ्या. खरा ओपल हिऱ्यासारखा कठीण नसतो. धुळीनेही त्यावर ओरखडे पडतात आणि एकदम उष्णता लागली तर तो तडकतो. भांडी घासताना, गरम पाण्यात हात घालताना काढून ठेवावा. आपल्यासारख्या दिवसभर पाण्यात हात असलेल्या बायकांनी तो कधी घालायचा, हा प्रश्नच आहे.

तुम्ही विचाराल, आता हौस फिटली का? खरे सांगते, फिटली नाही. जावेची ती बहीण पुन्हा आली तर मी पुन्हा तिचा हात धरून बसेन आणि त्या खड्यात हिरव्याचा शेंदरी होताना पाहीन. पाहायला पैसे पडत नाहीत. माझी काचेची अंगठी शिवणयंत्राच्या खणात बटणांबरोबर आहे. ज्यांना उन्हाची परीक्षा करून पाहायची असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावे, मी दाखवीन. पडवीचे पत्रे यंदा मृगाच्या आधी बदलले.

आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो आणि आपण एकमेकींशी खरे बोलत राहू, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली,
मंडळाची एक सभासद भगिनी
(नाव खाली घालीन म्हटले होते, पण मग शेजारणीचे लगेच ओळखाल, असे चिटणीसबाई म्हणाल्या. अंगठी पाहायला याल तेव्हा घर तुम्हांला ठाऊक आहेच.)